आबांची दुनळी, १४ वर्षांचा पोरगा आणि दसऱ्याचा स्टेटस : कायद्यात नक्की काय आहे?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. जरा टेन्शनमध्ये आहे म्हणून लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर बाराबोअर दुनळी आहे, लायसन १९७९ पासूनचं, रिन्यू केलेलं, सगळे कागद ओके. दरवर्षी खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि ती दुनळी पाटावर मांडून पूजा असते, झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, जसं सगळ्यांकडं असतं तसंच. यंदा पूजा झाल्यावर आबांनी स्वतःच बंदूक उचलून नातवाच्या हातात दिली, दस्ता खांद्याला कसा लावायचा, डोळा कुठला मिटायचा असं दाखवत बसले. काडतूस नव्हतं, नळ्या मोकळ्या होत्या, ते आबांनी दोनदा उघडून बघितलेलं. माझ्या भाच्यानं त्याचा पंधरा-वीस सेकंदाचा व्हिडिओ काढला, मागं गाणं लावलं आणि पोरानं तो स्टेटसला ठेवला. पोरगा नववीत आहे, १४ पूर्ण.

रात्री दहाला माझ्या मेव्हण्याचा फोन, तो पोलिसात आहे. "दाजी, आधी ते काढा मग बोलू." काढलं. मग म्हणाला, २१ च्या आतल्या पोराच्या हातात बंदूक दिसणं हाच गुन्हा आहे, काडतूस असो नसो, आणि आबांचं लायसनपण जाऊ शकतं. आबांना सांगितलं तर ते भडकले, म्हणाले, "मी सतराव्या वर्षी माझ्या बापाच्या बंदुकीनं उसातली डुकरं हाकललीत, तेव्हा कुठला पोलीस आला नव्हता."

आता खरी गोची पुढं आहे. पोरगा जूनपासून एअर रायफलच्या क्लासला जातोय, स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये पदक आणल्यापासून आमच्याकडं प्रत्येक घरातनं एक नेमबाज निघालाय तसाच हापण, पण सर म्हणतात हात स्थिर आहे, पुढं .२२ वर, म्हणजे काडतुसाच्या रायफलवर नेऊ. मग माझं डोकं चालेना, घरी आजोबांची बंदूक नुसती धरली तर गुन्हा आणि तिथं रोज दोन तास रायफल चालवली तर खेळ? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. आणि हो, बंदूक लाकडी कपाटात असते, किल्ली जोतिबाच्या फोटोमागं खिळ्याला, काडतुसं माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात. हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, पोरालापण.

रांगडा_गडी
काय राव, एवढ्याशा गोष्टीला घाबरताय. लायसनवाला माणूस शेजारी उभा आहे ना? मग झालं की. लायसनधारकाच्या समोर दुसऱ्यानं बंदूक धरली तर चालते असं कायद्यातच आहे, मी स्वतः ऐकलंय. मेव्हणा पोलिसात असला की असंच असतं, त्यांना सगळीकडं कलमं दिसतात. आमच्या भागात गवे उसात घुसतात, रानडुकरं एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात, तिथं पोरांनी बंदुकीला हात लावायचा नाही तर काय टाळ वाजवायचे? पोरगा आत्ताच शिकला तर पुढं कामाला येईल. स्टेटस काढलात ते ठीक, बाकी विसरा.

तालुका_कोर्टातला
वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रांगडाभाऊ, तुम्ही ऐकलंय ते अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानंच माणसं आमच्याकडं येतात.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३. लायसनशिवाय बंदूक जवळ बाळगायची नाही हा मूळ नियम. त्याला जोडून एक सवलत आहे, की लायसनधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी परवानगीनं दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो. पण कशासाठी? दुरुस्तीला, लायसन रिन्यू करायला, किंवा त्या लायसनधारकाला स्वतःला वापरायला म्हणून. म्हणजे आबा शेतावर निघालेत आणि गड्यानं बंदूक खांद्यावर घेतली, हे त्यात बसतं. नातवानं नेम धरून बघावा म्हणून त्याच्या हातात देणं हे त्यात बसत नाही.

आणि पोराच्या बाबतीत तर ही सवलत बघायचंच कारण नाही, कारण कलम ९ सुरूच होतं ते "आधीच्या तरतुदींमध्ये काहीही असलं तरी" अशा अर्थाच्या वाक्यानं. ज्याची २१ वर्षं पूर्ण नाहीत त्यानं बंदूक किंवा काडतूस घ्यायचं नाही, जवळ ठेवायचं नाही, बरोबर न्यायचं नाही. नीट बघा, १८ नाही, २१. मतदान करता येतं, गाडीचं लायसन मिळतं, मुलीचं लग्न करता येतं, बंदूक नाही. त्याच कलमात पुढं हेपण आहे की अशा व्यक्तीला ती विकायची किंवा हस्तांतरित करायची नाही. आता तुम्ही म्हणाल आबांनी कुठं हस्तांतर केलं, तर कायद्यानं हस्तांतराची व्याख्या दिलीय, त्यात भाड्यानं देणं, उसनं देणं, नुसता ताबा सोडणं हे सगळं येतं.

ताबा या शब्दावरपण कोर्टात भरपूर भांडण झालंय. १९७२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ताबा म्हणजे फक्त हातात असणं नव्हे, जाणीव पाहिजे आणि वस्तूवर ताकद चालली पाहिजे, मग ती दुसरीकडं ठेवलेली का असेना. म्हणून पाच मिनिटं आजोबांच्या समोर रिकामी बंदूक धरली याला ताबा म्हणायचं का, यावर मी पोराच्या बाजूनं कोर्टात उभा राहीन आणि चांगला वाद घालीन. पण पंचगंगाकाठ, मला तुमचा व्हिडिओ नाही खटकला एवढी ती किल्ली खटकली. जोतिबाच्या फोटोमागची. पोराला किल्ली माहीत, काडतुसं माहीत, घरात कुणी नसताना तो कपाट उघडू शकतो. उद्या काही झालं तर तिथं माझ्याकडं वाद घालायला काही उरत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर विनालायसन बंदूक बाळगणं, पोलिसांच्या भाषेत तीन-पंचवीस, म्हणजे कलम ३ आणि २५, याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आहे, आधी १ ते ३ होतं. पोरगा १८ च्या आत म्हणून त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जाईल, तुरुंग वगैरे नाही. आबांचं तसं नाही. लायसनच्या अटी मोडल्या म्हणून वेगळं कलम, शिवाय लायसन निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना.

पंचगंगाकाठ
वकीलसाहेब, वाचून घाम फुटला. पण आबांचं सतराव्या वर्षाचं काय? ते खोटं बोलत नाहीयेत, गावात अजून दोघंतिघं म्हातारे तेच सांगतात. त्यांचं म्हणणं, हे सगळं आत्ताचं नवीन खूळ आहे.

तालुका_कोर्टातला
आबा खोटं नाहीत बोलत. मूळ १९५९ च्या कायद्यात वय १६ च होतं. १९८३ साली दुरुस्ती झाली आणि १६ चं २१ झालं. आबा आज सत्तरीच्या आसपास असतील तर ते सतरा वर्षांचे होते तेव्हा वयाच्या कलमात बसत होते. बापाच्या लायसनवर डुकरं हाकलणं हे तेव्हाही कलम ३ मध्ये बसत नव्हतं, पण ते आता त्यांना सांगू नका, उगाच जेवण सोडतील. एवढंच सांगा की तुम्ही बरोबर आहात, नियम तुमच्या नंतर बदलला. मी माझ्या अशिलांमध्ये बघितलंय, म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही चुकलात" म्हणलं की तो ऐकत नाही, "कायदा बदलला" म्हणलं की लगेच विचारतो, कधी?

आणि नवीन खूळ म्हणाल तर १९८३ ला आता चाळीस वर्षं होऊन गेली.

दहा_पॉइंट_नऊ
मी वकील नाही, शूटरची आई आहे, मुलगी सतरा वर्षांची, पाच वर्षं रेंजच्या बाहेर बाकड्यावर बसून काढलीत, त्यामुळं दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते.

दादा, तुमचा मुलगा आत्ता जी चालवतोय ती एअर रायफल, ४.५ मिलिमीटरची, यालाच .१७७ म्हणतात. त्यात बारूद नाही, दाबलेल्या हवेवर शिशाचा छर्रा जातो, आम्ही त्याला पॅलेट म्हणतो. या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला लायसन लागत नाही. पण म्हणून ती खेळणं नाही, २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतल्याशिवाय देत नाही, वहीत नोंद करतो. ती वडिलांच्या नावानं घ्या. आणि कृपा करून गच्चीवरून कबुतरांवर नेम धरू देऊ नका, आमच्या ओळखीतल्या एकांनी तेवढ्यावरून सोसायटीत मोठं महाभारत करून घेतलंय, पक्ष्यांवर मारलं तर वन्यजीव कायदा वेगळा लागतो, पॅलेट खिडकीतून आत गेली तर अजून वेगळं.

आता .२२ चं. ती खरी बंदूक, काडतूसवाली, ५० मीटरची. स्वप्नीलनं पदक आणलं ते याच प्रकारात, थ्री पोझिशन, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. तिथं २१ चा नियम आडवा येतो, पण त्याच कलम ९ मध्ये पुढं एक पोटकलम आहे की ठरवून दिलेलं वय झालेली व्यक्ती प्रशिक्षणाच्या दरम्यान, ठरवून दिलेल्या अटींवर, ठरवून दिलेलं शस्त्र वापरू शकते. ते वय १२. म्हणजे बारा पूर्ण झालेलं मूल रेंजवर, प्रशिक्षकाच्या थेट नजरेखाली चालवू शकतं. सगळी गंमत त्या "प्रशिक्षणाच्या दरम्यान" मध्ये आहे. रेंजच्या फाटकाबाहेर तीच मुलगी तीच रायफल घेऊन एकटी बसली तर ती सवलत तिच्याबरोबर फाटकाबाहेर येत नाही. आम्ही स्पर्धेला ट्रेननं जातो तेव्हा पिशवी, कागद, असोसिएशनचं पत्र, सगळं माझ्या हातात असतं आणि दर तासाला मी चाचपून बघते. एकदा स्टेशनवर अडवलं होतं तेव्हा पाऊण तास गेला, पण कागद पूर्ण होते म्हणून चहा पिऊन सुटलो.

पुढं मूल चांगलं खेळायला लागलं की कायद्यात ज्युनिअर टारगेट शूटर म्हणून वेगळा वर्ग आहे, त्यांना आधी एकच शस्त्र ठेवता यायचं, २०२० च्या फेब्रुवारीत गृहखात्यानं ते दोन केलं. पण तिथपर्यंत जायला स्कोर लागतो, असोसिएशनची शिफारस लागते, आणि मग कलेक्टर कचेरीत चपला झिजवाव्या लागतात. पहिली दोन-तीन वर्षं एअर रायफलच बरी, ती पण क्लबची. स्वतःची परदेशी घ्यायची म्हणाल तर दीड-दोन लाखांच्या पुढंच, वर जॅकेट, पँट, बूट.

वय कमी म्हणून खेळ अडत नाही हे मात्र मनात पक्कं धरा. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला तेव्हा १८ चा होता. म्हणजे ज्या वयात त्याला लायसनवर साधी बाराबोअर मिळाली नसती त्या वयात तो जगात पहिला होता. तुमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांचं तर मी काय सांगणार.

एक सांगते, राग मानू नका. रेंजवर माझ्या मुलीला पहिला महिना एकही पॅलेट मारू दिली नव्हती. नळी कायम टारगेटकडं, बोट चापावर ठेवायचं नाही, सर "अनलोड" म्हणले की सेफ्टीची दोरी नळीतून घालून दाखवायची, दोरी दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजे. एका मुलानं रिकामी रायफल गंमतीनं मित्राकडं वळवली, सरांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं, महिनाभर. रिकामी होती, सगळ्यांना माहीत होतं रिकामी आहे. तुमच्या मुलाच्या सरांनी तो दसऱ्याचा व्हिडिओ बघितला असता तर त्याचंही तेच झालं असतं.

रांगडा_गडी
बरं बाबा, कलम ३ चं माझं चुकलं, मानतो. पण शेतकऱ्याचं काय ते कुणीच बोलेना. पिकाच्या रक्षणासाठी लायसन देतातच की, कायद्यात आहे ते. मग ज्याच्या घरात कर्ता माणूस एकटाच आणि पोरगा अठराचा, त्यानं रात्री शेतावर कुणी जायचं?

तालुका_कोर्टातला
आहे की, पीक संरक्षणाचं लायसन कायद्यात आहे, ठासणीच्या बंदुकीसाठी तर त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण ते लायसन कर्त्या माणसाचं, पोराचं नाही. अठराच्या पोराला रात्री डबा वाजवायला, फटाके लावायला, बॅटरी मारायला पाठवा, बंदूक देऊन नको. आणि गवा मारायचा तर विचारच काढून टाका, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, लायसनधारकानं मारला तरी आत जाईल. डुकरासाठीसुद्धा आधी वनखात्याच्या परवानगीचा कागद.

तुमचा मुद्दा मला पटत नाही असं नाही. अठरा ते एकवीस ही तीन वर्षं विचित्र आहेत, सज्ञान आहे, गुन्हा केला तर मोठ्यांच्या कोर्टात उभा राहतो, पण लायसन मागायला लहान. मला स्वतःला विचाराल तर असू दे विचित्र. कॉलेजच्या वयातली पोरं कट्ट्यासकट माझ्याकडं आलीत, म्हणजे गावठी पिस्तूल, मध्य प्रदेशातनं आलेलं, आणि प्रत्येकाची गोष्ट एकच, "वापरायचा नव्हता ओ, रील काढायचं होतं."

डेट्रॉइटची_मावशी
मी मूळची साताऱ्याची, सोळा वर्षं मिशिगनमध्ये. तुमचा धागा वाचून राहवलं नाही, कारण इथं सगळं उलटं आहे आणि तरी शेवटी गाडी त्याच किल्लीवर येऊन थांबते.

इथं केंद्राचा कायदा असा, की दुकानदार १८ च्या आतल्याला कुठलीच बंदूक विकू शकत नाही आणि २१ च्या आतल्याला पिस्तूल विकू शकत नाही. १९९४ पासून १८ च्या आतल्यानं पिस्तूल जवळ बाळगायचं नाही, पण त्यातसुद्धा आईवडिलांच्या लेखी परवानगीनं शेतीकाम, शिकार, नेमबाजीचा सराव असे अपवाद. रायफल किंवा शॉटगन नुसती जवळ असण्याला केंद्राच्या कायद्यात किमान वयच नाही, ते राज्यांवर. आमच्याकडं १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा सीझन चालू होतो, ऑफिसात निम्मे लोक सुट्टीवर, आणि माझ्या शेजारणीचा नातू नऊ वर्षांचा असताना आजोबांबरोबर शिकारीला गेला होता, कायदेशीर, लहान मुलांसाठी वेगळं लायसन असतं. मी साताऱ्याची, आमच्या घरात मोठी सुरी पण वरच्या फडताळात असायची. मला पहिली काही वर्षं हे पचलंच नाही.

मग ३० नोव्हेंबर २०२१. ऑक्सफर्ड हायस्कूल, आमच्याच काउंटीत. पंधरा वर्षांचा मुलगा, वडिलांनी चारच दिवस आधी घेतलेलं पिस्तूल, चार मुलं गेली. त्या दिवशी माझा मुलगा दुसऱ्या शाळेत होता, पण ती दुपार मी पार्किंगमध्ये गाडीत बसून काढली, ते मी इथं लिहीत नाही. सांगायचं ते हे की खटला फक्त मुलावर नाही चालला. मुलाला जन्मठेप झालीच, पण २०२४ मध्ये आईला आणि वडिलांना, दोघांना वेगवेगळ्या ज्युरींनी सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं, प्रत्येकी १० ते १५ वर्षं. बंदूक घरात कुलपात नव्हती हा त्यातला मोठा मुद्दा होता. अमेरिकेत शाळेतल्या गोळीबारासाठी आईबापांना अशी शिक्षा पहिल्यांदाच झाली.

त्या गोळीबारानंतर आमच्या राज्यात नवा कायदा आला, १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू. घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर बंदूक एकतर कुलूपबंद पेटीत किंवा गोळ्या काढून चापाला कुलूप लावून. मुलाच्या हाती लागून कुणी मेलं तर १५ वर्षांपर्यंत. कुलपाची पिवळी-लाल केबल असते, बऱ्याच ठिकाणी पोलीस स्टेशनला फुकट मिळते. शेजारणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला तिची पाकिटं पडलेली असतात, नातवंडं यायच्या आधी ती एकेक बंदुकीला लावत फिरते.

आणि आम्ही आया आता एक प्रश्न विचारतो, मूल पहिल्यांदा कुणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर. कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि बंदूक घरात असेल तर कुलपात आहे ना. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली होती. समोरची म्हणाली, थँक यू, मी पण विचारणारच होते.

तुमच्याकडं बंदूक मिळणंच अवघड म्हणून हे सगळं लांबचं वाटतं. पण भाऊ, तुमच्या घरात ती आहे. पोरगा त्याच वयाचा आहे.

पंचगंगाकाठ
मावशी, तुमचं वाचून बायकोलापण दाखवलं. ती काही बोलली नाही, उठली आणि जोतिबाच्या फोटोमागची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. ती अजून तिथंच आहे.

वकीलसाहेब, अजून एक. आबा आता ७२ चे, हात थरथरतो, पूजा सोडली तर दोन वर्षांत बंदूक एकदाच बाहेर काढली ती इलेक्शनच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करायला. त्यांच्या मनात आहे की पुढं नातवाच्या नावानं करायची. ते होतं का?

तालुका_कोर्टातला
नातवाच्या नावानं आत्ता नाही, सात वर्षं थांबावं लागेल. पण तुमच्या नावानं होऊ शकतं. लायसनधारक ७० चा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं आहे, यातलं जे आधी होईल, त्यानंतर तो हयातीतच वारसाच्या नावानं करायला अर्ज देऊ शकतो, २०१६ च्या नियमांत आहे ते. तुमच्या आबांचं दोन्ही झालंय. बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र जोडा. तुम्हाला शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेऊन दाखला लागेल, आणि सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागेल. ती हमी देताना बिस्किटाच्या डब्याचा उल्लेख करू नका.

आणि उद्या देव न करो आबांचं काही झालं आणि लायसन तुमच्या नावावर नसेल तर बंदूक घरात ठेवून गप्प बसायचं नाही, ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडं जमा करायची. हे कितीतरी घरांत राहून जातं, बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणाला आठवत नाही, आणि सहा महिन्यांनी तीच बंदूक विनालायसन ठरते.

पंचगंगाकाठ
उशिरा अपडेट देतोय, माफी असावी, ऊस तोडीला आला होता.

लोखंडी कपाट घेतलं, भिंतीत बोल्ट मारून. दुनळी उतरवून त्यात, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. काडतुसं वेगळ्या पेटीत, दुसऱ्या खोलीत, किल्ली माझ्याकडं. जुन्या डब्यातनं अठरा काडतुसं निघाली, त्यातली सहा इतकी जुनी की पितळ हिरवं पडलेलं, ती डीलरकडं नेऊन दाखवली. आबा दोन दिवस बोलले नाहीत. मग मी तुमची युक्ती वापरली, म्हणलं, आबा तुमच्या वेळेला १६ होतं, १९८३ ला बदललं. खरंच विचारलं ओ त्यांनी, "कुणाच्या काळात?" इंदिरा गांधी म्हणलं, तर म्हणाले, "मग बरोबर असंल." वारसाचा अर्ज दिलाय, प्रशिक्षणाचा नंबर लागायचाय.

पोराचं रेंजवर चालू आहे. परवा आबांना घेऊन गेलो बघायला. दहा मीटर म्हणल्यावर आधी हसले, एवढ्या जवळनं काय मारायचं म्हणे. मग सरांनी टारगेटचा कागद हातात दिला, मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सरांनी त्यांना एक पॅलेट मारू दिली, टेकू लावून. चार आला. पोरगा हसला नाही, नळी टारगेटकडंच आहे ना ते बघत शेजारी उभा होता आणि "आबा, बोट बाहेर" म्हणाला.

आता शेवटचा प्रश्न, मेव्हण्याला विचारायची हिंमत नाही म्हणून इथं. पुढच्या खंडेनवमीला दुनळी पूजेला ठेवली तर चालेल ना?

तालुका_कोर्टातला
ठेवा की. आबांनी किंवा तुमच्या नावावर झाली असेल तर तुम्ही स्वतः काढायची, स्वतः मांडायची, आरती झाली की परत कुलपात. आणि भाच्याचा फोन तेवढा वेळ काढून घ्या.